थांबले की विसरले?

मावशींचं डोकं सकाळपासून तापलं होतं आणि त्याची शिक्षा भांडी भोगत होती.

"आई, त्या पातेल्याने काय घोडं मारलंय तुमचं?" सून म्हणाली.

"मंद म्हणाले मला! सगळ्यांसमोर!"

मावशी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून, नट अडला की पुढचा शब्द कुजबुजून द्यायचा. तरुणपणी आल्या होत्या नटी व्हायला. आवाज घोगरा म्हणून विंगेत बसवलं, आणि तिथेच त्यांचे केस पिकले.

काल प्रयोगात दादा अडले. दादा म्हणजे कंपनीचे मुख्य नट. मावशींनी शब्द दिला, पुन्हा दिला. पण दादांना हल्ली कमी ऐकू येतं, हे सगळ्यांना माहीत, बोलणार कोण? पडदा पडताच त्यांनी खापर मावशींवर फोडलं. "मावशींचं वाचन मंदावलंय. ओळीखाली बोट धरून बसतात, बालवाडीतल्यासारखं!" मॅनेजरने मान डोलावली. त्याची भाची जलद वाचनाचा क्लास करून तयारच होती. मावशींचं स्टूल तिला मिळालं.

मंद! रहस्यकथेचा तर मावशी असा फडशा पाडत, की सुनेने पुस्तक हातात घ्यायच्या आत खुनी कोण ते सांगून मोकळ्या. वर्तमानपत्र नुसतं वरून खाली चाळायचं, की झालं. औषधाच्या बाटलीवरचं मात्र चष्मा पुसून अक्षर न् अक्षर. आणि विंगेत? एक नजर बोट धरलेल्या ओळीवर, एक नटाच्या ओठांवर. तो श्वास घेईल तेवढंच पुढे सरकायचं.

"वाचन काय एकाच चालीचं असतं?" पातेलं पुन्हा आपटलं. "गार पाणी पितो तसा गरम चहा पिऊन बघा म्हणावं!"

पुढच्या प्रयोगाला त्या तिकीट काढून गेल्या, सुनेला घेऊन. शेवटच्या अंकात बाप मुलीला घराबाहेर काढतो. बापाच्या भूमिकेतले दादा दाराकडे बघत राहतात, बराच वेळ, आणि मग हळूच म्हणतात, "जा." त्या शांततेत लोक खोकायचेही थांबत.

दादा थांबले. मावशींनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. दादा विसरले की त्यांचा अंगठा तर्जनीवर घासू लागे. आज अंगठा स्थिर होता.

भाचीने पान कधीच वाचून संपवलं होतं. ती वाट बघून कंटाळली. दादांना ऐकू यावं म्हणून जोर लावून म्हणाली, "जा!"

"जा की आता!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळं नाट्यगृह खो खो हसलं.

सूनही हसली. मावशी नाही. त्यांच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. "वाट लावली," त्या पुटपुटल्या. ती शांतता इतकी वर्षं त्यांनीही सांभाळली होती, तोंडातून अवाक्षर न काढता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने त्यांना तालमीच्या खोलीत बोलावलं. सगळी मंडळी होती, दादाही.

"झालं गेलं विसरा, मावशी. स्टूल तुमचंच."

"विसरायचं काम माझं नाही. ते दादांचं."

कुणीतरी हसू दाबलं. भाची हळूच म्हणाली, "मावशी, मला वाटलं ते विसरले."

"तुझा राग नाही गं. तुला पान दिलं, माणूस दाखवलाच नाही." मग त्या दादांकडे वळल्या. "चारचौघांत बोललात. चारचौघांतच परत घ्यायचं. नाहीतर तुमचं स्टूल तुम्हाला लखलाभ."

दादा उठले. घसा खाकरला. "मावशी, परवा मी जे बोललो..."

पुढे काही येईना. अंगठा तर्जनीवर घासू लागला.

सवयीने मावशींचे ओठ हलले. पुढचे शब्द अगदी जिभेवर आले होते. त्यांनी ओठ घट्ट मिटले, हाताची घडी घातली आणि दादांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.