कमरेखालचं डिपार्टमेंट

आमच्या घरी जेवायला बसलं की मला तोंड उघडायची बंदी आहे. सुनेनं घातलेली. "आई, तुमी नुसतं जेवा!" तिचंही बरोबर आहे म्हणा. नर्सच्या नोकरीतली माझी ऐन उमेदीची वर्षं लेकरांच्या शू आणि शी यांतच गेली. दुसऱ्या बायकांकडं लग्नाचे, बारशाचे किस्से असतात. माझ्याकडं जे आहेत ते ताटावर बसून सांगण्यासारखे न्हाईत. आणि हे किस्से काही संपत न्हाईत. एक सांगायला घेतला की त्याच्या मागं दुसरा करंगळी वर करून उभाच!

तर तुमचं जेवण झालंय असं धरून चालते.

*

सत्तर सालानंतरच्या काळातली गोष्ट. हिंगोली तेव्हा तालुका, जिल्हा परभणी. सेनगावकडच्या एका सरकारी दवाखान्यात आम्ही दोघी नर्स. एक मी, दुसरी रझिया. रझिया हिंगोलीची, तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान. औरंगाबादला ट्रेनिंगमध्ये ती लेकरांच्या वॉर्डात होती, त्यामुळं लेकरांच्या असल्या तक्रारी तिला बराबर कळायच्या. तिच्याकडून मी शिकले.

डॉक्टर पुण्याकडचे, नवीन, बिनलग्नाचे. स्वच्छतेचे इतके भोक्ते की स्टेथोस्कोपसुद्धा रुमालात गुंडाळून ठेवायचे. एक दिवस त्यांना हिंगोलीला मुलगी बघायला जायचं होतं. पांढरी टेरिलीनची पँट, केसाला तेल, खिशाला पेन. निघता निघता एक बाई लेकरू घेऊन आली. पोट दुखतं म्हणे. डॉक्टरांनी लेकरू टेबलावर घेतलं, पोट दाबलं आणि गोड आवाजात विचारलं, "कुठं दुखतं, बाळ?"

बाळानं उत्तर दिलं. पण तोंडानं न्हाई!

डॉक्टर तसेच उभे. पँटमधून धार बुटात. रुमालानं बूट पुसत म्हणाले, "सिस्टर, आजपासून कमरेच्या वरचं मी बघणार. खालचं तुम्ही दोघी!"

असं आमचं डिपार्टमेंट सुरू झालं. सामानाची खोली रिकामी केली. दारावर नाव घालायला पेंटर बोलावला. डॉक्टरांनी मजकूर सांगितला, "बालकांचे मूत्र व मलविकार तपासणी तथा उपचार कक्ष."

पेंटरनं डब्यात ब्रश बुडवला, दाराकडं पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, एवढं वाचूस्तोवर लेकराचं होऊन जाईन!"

शेवटी त्यानं नुसतं "लेकरं" लिहिलं आणि खाली बाण काढला.

*

औंढ्याकडचा एक किराणा दुकानदार आला. मिशा अशा की त्यावर लिंबू ठेवावं. सोबत नऊ-दहा वर्षांचा पोरगा, मान खाली घातलेला, आणि मागं म्हातारी आई.

"हे रोज गादी ओली करून राहिलं," बाप म्हणाला. "समजावलं, मारलं, उपाशी ठेवलं. आयकतच न्हाई!"

रझिया म्हणाली, "झोपेतलं लेकराच्या हातात नसतं, भाऊ. मारून थांबत न्हाई. घरात आणखी कुणाला होतं का असं? बऱ्याचदा वडिलांकडून येतं."

बाप उठून उभा राहिला. "आमच्या खानदानीत? अशी नाकाम औलाद आमच्या खानदानीत आजपोतर झाली न्हाई!"

भिंतीला टेकून बसलेली म्हातारी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेत म्हणाली, "काहून खोटं बोलून राहिला रे? तुझ्या लग्नाचा मांडव पडला तवाबी तुझी वाकळ मीच वाळू घातली व्हती. पाव्हणे विचारत व्हते, म्या म्हन्लं मांजरानं घान केली!"

पोरानं पहिल्यांदाच मान वर केली. बापाकडं नीट पाहिलं. मग अगदी आपुलकीनं विचारलं, "आबा, तुमची कवा थांबली?"

*

परभणीहून एक मोठे साहेब तपासणीला आले. त्यांची बोली पुस्तकातली. बाकावर बसलेल्या एका पोराला त्यांनी स्वतः विचारलं, "काय रे, लघवी कशी होते तुला?"

"उभ्यानं."

साहेबांनी चष्मा सारखा केला. "तसं नव्हे. बरं, संडास साफ असतो का?"

"आमच्याकडं संडासच न्हाई, साहेब. आमी वढ्याला जातो."

साहेब हट्टाला पेटले. "अरे, जाताना काही त्रास होतो का?"

"व्हतो की!" पोरगं म्हणालं. "पाटलाचं कुत्रं मागं लागतं!"

साहेबांनी चहा घेतला न्हाई. निघून गेले.

*

जवळच्या एका गावच्या सरपंचांचा नातू. लाडका, एकुलता. भाकरीला हात लावायचा न्हाई, नुसतं दूध आणि बिस्किट. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. किती तरी दिवस पोराला झाली नव्हती आणि घरच्यांनी देवापासून दारूबंदीपर्यंत सगळं कबूल करून पाहिलं होतं. म्हणजे दारू सरपंच सोडणार होते!

रझियानं पोराला एनिमा दिला. सरपंचांना म्हणाली, "आता इथंच थांबा. मागच्या बाजूला जागा आहे. झाल्याबिगर हलायचं न्हाई."

सरपंच म्हणाले, "मला सेनगावला मिटिंग हाय. जीपनं घरी सोडतो ह्याला. दहा मिनटाचा रस्ता."

"साहेब, ऐका..."

"बाई, मी गाव सांभाळतो. हे एवढंसं पोरगं सांभाळता येत न्हाई व्हय?"

पांढरं शुभ्र धोतर, मांडीवर नातू, जीप धुरळा उडवत गेली. रझिया माझ्याकडं बघून म्हणाली, "वच्छी, पाणी तापत ठेव."

पाणी कोमटसुद्धा झालं नसेल, तोच जीप परत आली. ड्रायव्हर नाकाला रुमाल बांधून उतरला. मग नातू उतरला, हसरा, हलका, उड्या मारत. सगळ्यात शेवटी सरपंच उतरले. जीपची ताडपत्री गुंडाळून.

चेहरा मात्र सरपंचाचाच. म्हणाले, "बाई, औषध बराबर लागू झालं. मिटिंग रद्द!"

*

औरंगाबादला रझियानं एक यंत्र पाहिलं होतं. लेकराच्या खाली जाळी अंथरायची, ओली झाली की घंटी वाजते, लेकरू उठतं, हळूहळू आपोआप उठायची सवय लागते. आमच्याकडं कुठलं आलंय यंत्र? पण बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे हमीदभाई होते. त्यांनी दोन जाळ्या, मध्ये मिठाच्या पाण्यातून काढून वाळवलेलं फडकं, टॉर्चचे सेल आणि एक घंटी असं जुळवून दिलं. फक्त घंटी त्यांनी शाळेच्या मापाची लावली.

ती आम्ही एका पोराच्या आईला दिली. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई दारात. डोळे लाल.

"वाजली का घंटी?" मी विचारलं.

"वाजली! सासरा उठला, सासू उठली, म्हैस दावं तोडून गेली. शेजारचे काठ्या घेऊन आले, म्हन्ले दरोडा पडला!"

"आणि पोरगं?"

"ते कशाला उठतं? आमी समद्यांनी मिळून त्याला उठवलं!"

रझियानं समजावलं की सुरुवातीला असंच होतं, घंटी वाजली की कुणी तरी लेकराला उठवून न्यायचं, सोडायचं न्हाई. बाई चिवट होती. तिनं सोडलं न्हाई. महिना-दीड महिना गेला आणि पोरगं घंटीच्या आधीच उठायला लागलं. गादी कोरडी! आई पेढे घेऊन आली. आम्ही म्हणालो, आता घंटी परत द्या, दुसऱ्या लेकराला देऊ.

बाई घुटमळली. "ऱ्हाऊ द्या की थोडे दिस. आता घंटी वाजत न्हाई तर सासऱ्याला जाग येत न्हाई. हरभऱ्याला पानी द्यायचं ऱ्हाऊन चाललं!"

*

रझियाला बघायला वसमतचे पाहुणे येणार होते. तिच्या अम्मीनं बजावून ठेवलेलं, "नर्स हूं बोलना, बस. कौन से कामां करती, वो नक्को बोलना!" मी मैत्रीण म्हणून सोबत. रझिया खाली मान घालून बसलेली, डोक्यावर ओढणी. असली गरीब दिसत होती की मलाच ओळखू येईना.

मुलाची आई भारदस्त बाई. गोष्टी ठीक चालल्या होत्या. तेवढ्यात घराला लागूनच असलेल्या बांगड्यांच्या दुकानातून एक पाच वर्षांची पोरगी पळत आत आली. आमचीच पेशंट. आई बांगड्या भरत होती आणि हिला आतमध्ये रझिया दिसली. आनंदानं ओरडली, "शीवाल्या मावशी! झाली! आज मला मोठी झाली!"

अम्मीच्या हातातली सरबताची थाळी कलंडली. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. आणि रझिया? ओढणी मागं टाकून ती त्या पोरीला म्हणाली, "शाब्बास गं माझी राणी! रडली न्हाई ना?"

मग तिला कळलं आपण कुठं आहोत.

मुलाच्या आईनं सगळं विचारून घेतलं. काय काम, कोणाची पोरं, कसला इलाज. रझियानं सरळ सांगून टाकलं. मोडलं लग्न, असं धरून अम्मी आत जाऊन बसली. त्या भारदस्त बाई उठल्या, रझियाच्या शेजारी येऊन बसल्या, आणि तिच्या कानात म्हणाल्या. कानात, पण मला ऐकू आलंच.

"बेटी, बडे लोगां का बी देखते क्या तुम?"

पुढच्या महिन्यात निकाह झाला!

*

आता सुजाताचं सांगते.

सुजाताला जन्मताच शीची जागा नव्हती. औरंगाबादला ऑपरेशन करून केली, जीव वाचला, पण आलेली कळायचंच न्हाई तिला. कधीही, कुठंही. बाप दुष्काळी कामावर खडी फोडायचा, आई त्याच्यासोबत. शाळेत पोरीला दाराजवळ एकटीला बसवायचे. पोरं नाक धरून तिच्या नावानं गाणं म्हणायची. मग तिनं शाळा सोडली आणि आई तिला आमच्याकडं घेऊन आली.

रझियानं तिच्या आईला शिकवलं. रोज सकाळी कोमट पाण्याचा एनिमा. पोट एकदा रिकामं केलं की दिवसभर निर्धास्त. काय खायचं, काय न्हाई, जेवल्यावर कधी बसायचं. सुरुवातीला जमेना, दोघी मायलेकी रडायच्या. वर्ष गेलं त्यात. पण जमलं! सुजाता शाळेत जायला लागली. तरी तिच्या शेजारी कुणी बसायचं न्हाई. नाव पडलेलं एकदा, ते धुवून जातंय होय?

त्या साली शाळेची सहल औंढ्याला निघाली. सुजातानं नाव दिलं. गुरुजींनी कापलं.

मी भेटायला गेले. गुरुजी म्हणाले, "बाई, माणूस म्हणून मला कळतं. पण एस.टी. आहे, चाळीस लेकरं आहेत. गाडीत काही झालं तर? ग्यारंटी कोण घेणार?"

मी म्हणाले, "मी येते सोबत. मीच ग्यारंटी!"

गेलो. सुजाता नवी रिबिन लावून आली होती. नागनाथाचं देऊळ पाहिलं, भिंतीवरचे हत्ती मोजले, बाजारात फिरलो. सुजातानं बिचारीनं सकाळपासून भाकरीचा एकच तुकडा खाल्लेला, भीतीनं. गुरुजींनी मात्र देवळाबाहेर गरम भजी खाल्ली, वर उसाचा रस, वर पुन्हा भजी.

परतीच्या गाडीत लेकरं गाणी म्हणत होती. सुजाता माझ्याशेजारी खिडकीपाशी. रस्ता खड्ड्यांचा. मी डुलकीत, तेवढ्यात तिनं माझा पदर ओढला.

"बाई, गुरुजींना आली."

मी पाहिलं. पुढच्या सीटवर गुरुजी. कपाळावर घाम, ओठ मिटलेले, दोन्ही हातांनी समोरचा दांडा असा धरलेला की तो उपटून येतो का काय! खड्डा आला की डोळे मिटायचे. गाणं म्हणायला पोरं त्यांना आग्रह करून राहिली होती.

मी काही म्हणायच्या आत सुजाता उठून सीटवर उभी राहिली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडली, "कंडक्टर मामा, गाडी थांबवा! मला आली!"

गाडीत एकच हशा. ते जुनं गाणं पुन्हा सुरू झालं, नाक धरून. कंडक्टरनं कपाळावर हात मारला आणि घंटी दिली. गाडी थांबते न थांबते तोच गुरुजी म्हणाले, "मी... मी बघतो हिच्याकडं," आणि आमच्या आधी खाली! सुजातानं आपला पाण्याचा डबा घेतला, धावत जाऊन त्यांच्या हातात दिला. गुरुजी बाभळीच्या मागं गेले ते धोतर सावरतच.

सुजाता बाभळीच्या अलीकडं गाडीकडं तोंड करून खाली बसली, आणि मी पुढं पदराचा आडोसा असा धरला की तिचं नुसतं डोकं दिसावं. खिडक्यांतून सगळी पोरं बघत होती.

मी हळूच म्हणाले, "अगं, तुला तर न्हाई ना आली?"

"न्हाई बाई."

"मग कशाला गं? वर्षभर किती केलंस तू..."

"माझी समद्यांना सवय हाय," ती म्हणाली. "गुरुजींची न्हाई."

तेवढ्यात कंडक्टर दारातून ओरडला, "ए पोरी, झालं का न्हाई? गाडीला उशीर व्हऊन राहिला!"

सुजातानं मान न वळवता बारीक आवाजात विचारलं, "गुरुजी, झालं का?"

बाभळीमागून तितकाच बारीक आवाज आला, "अजून दोन मिनिटं."

सुजातानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि गाडीकडं बघून खणखणीत आवाजात ओरडली, "अजून दोन मिन्टं!"