डाव्या खांद्याचा पट्टा

लोकांची बिऱ्हाडं हलवण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली. सगळे त्याला कपाटवालाच म्हणत. चार मजले लोखंडी कपाट चढवावं आणि जिन्याच्या भिंतीला ओरखडाही येऊ नये, ते यानेच. ओझं पेलायचा चामड्याचा रुंद पट्टा त्याच्या डाव्या खांद्यावर असे, जोडीदाराच्या उजव्या.

मग हृदयाचे ठोके मंदावले, दोनदा भोवळ आली, आणि डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली, छातीच्या कातडीआड पेसमेकर बसवला. “काम काय करता?” या प्रश्नाला “गाडीवर असतो” म्हणून हा पठ्ठ्या मोकळा झाला. खरं सांगितलं तर काम बंद करतील, एवढीच त्याला भीती होती. दीड महिन्यात त्याने पुन्हा पट्टा चढवला.

टाक्यांची जागा भरली, ती नको इतकी भरली. बोटाएवढा लालबुंद, टणक व्रण. खाज अशी, की जीव नको व्हावा. शेवटी बायकोने दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी जुन्या कागदावरचं काम वाचलं, व्रण पाहिला, मग खांद्यावरचा घट्टा. “गाडीवर बसून हा पडतो होय?”

तो सदरा सावरू लागला.

“खांद्याला पट्टा लावून ओझी वाहतात हो,” बायको म्हणाली.

“पट्टा बंद. कातडी फाटली तर यंत्रच काढावं लागेल. महिन्याला एक इंजेक्शन, वर सिलिकॉनची पट्टी.”

“व्रण बसेपर्यंतच ना?”

“आधी बसू तर द्या.”

व्रण बसला की पट्टा, असा त्याने हा शब्दच धरला. टणक मांसात सुई शिरताना डोळ्यांत पाणी यायचं, पण एकही खेप चुकवली नाही. घरी बसून तो वैतागायचा, बायकोवर उगाच खेकसायचा.

सहाव्या महिन्यात व्रण सपाट झाला. बाई खूश.

“मग पट्टा?”

“खाली यंत्र आहे तोवर नाही, उजव्या खांद्यावरही नाही. म्हणजे कधीच नाही.”

तो घरी न जाता थेट गोदामात गेला. जोडीदाराने स्टूल पुढे सरकवलं. “दादा, बरा झालास ना?”

त्याने गुंडी काढून दाखवलं.

“काही दिसतच नाही की!”

खुंटीवरचा पट्टा त्याने हातात घेतला. बक्कल वर्षानुवर्षं चौथ्या भोकात असायचं. आता दोन बोटं वर एक नवं भोक होतं.

“नवा गडी बुटका आहे रे,” जोडीदार खाली बघत म्हणाला.

त्याने भोकावरून अंगठा फिरवला.

“ओबडधोबड पाडलंय. ओझ्याने फाटेल,” तो म्हणाला. “आरी दे इकडे, नीट करून देतो.”