मिस्त्रींची उजवी बाजू

वहिनींना त्यांच्या जुन्या गल्लीत सगळे भोंगा म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. लग्न झाल्यापासून दोघं नवरा-बायको पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत राहिले. सकाळी गिरणी सुरू झाली की दिवेलागणीपर्यंत खालून घरघर, फळीवरची भांडी थरथरायची, आणि साधं मीठ मागायचं तरी घसा फाडून मागावं लागायचं. लाडाचं बोलणंसुद्धा ओरडूनच. अख्ख्या गल्लीला यांच्या घरातलं सगळं ठाऊक, आणि या दोघांना त्याचं काही वाटायचंच नाही.

मग मिस्त्रींना समुद्रापलीकडे या बेटावर काम मिळालं. मिस्त्री म्हणजे वहिनींचे यजमान, पंपाचं काम करणारे. बेटावर गोड्या पाण्याची मोठी विहीर एकच, तिचं पाणी उपसून टेकडीवरच्या टाकीत चढवायचं, तिथून घरोघरी सोडायचं. दोन पंप, एक पंपघर आणि एक फोरमन. उन्हाळाभर काम बघतो, जमलं तर कायम करतो, असं फोरमनने सांगितलेलं. वहिनींनी आपलं शिलाईचं पायमशीन खोक्यात घातलं, खोकं दोरीने करकचून बांधलं, आणि सगळ्यांना हसत हसत टाटा करून जहाजात चढल्या. जहाज हललं आणि जे रडू फुटलं ते काही केल्या थांबेना. शेजारची एक अनोळखी बाई बिचारी त्यांची पाठ चोळत बसली.

बेटावर पहिल्याच आठवड्यात फजिती. घरमालकीण बाई साखरेची रिकामी वाटी घेऊन दारात आल्या. साखर हे नुसतं निमित्त. इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तो मारतो का गं तुला?"

वहिनी आधी हसल्या, मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या. कारण आदल्या संध्याकाळी टॉवेल वाळत कुठे घालायचा एवढंच बोलणं चाललं होतं. इथे तळमजल्यावर गिरणी नाही, गाड्या नाहीत, शेजारच्या घरात चमचा पडला तरी ऐकू येतो, आणि ही दोघं आपली जुन्या सवयीने ठणाणा करतायत. त्या दिवशी वहिनींनी कानाला खडा लावला. हळू बोलायचं. अगदी शहाण्यासुरत्या बायकांसारखं.

आणि तेव्हापासून मिस्त्री प्रत्येक गोष्टीला 'हं हं' करायला लागले. भाजी आणाल का, हं. दिवा गेलाय, हं. माझ्या आईचा फोन आला होता, हं. वहिनींना वाटलं नवं काम आहे, डोक्याला ताप आहे. मग वाटलं, यांना आपला कंटाळा आला. परक्या जागी असलं काही मनात आलं की ते जातच नाही, दिवसभर भिंतींशी बोलत बसायचं.

सुट्टीच्या दिवशी मात्र मिस्त्री खुलायचे. दर सुट्टीला एक नवा रस्ता धरायचा आणि तो संपेपर्यंत चालायचं, असा त्यांनी नेम केलेला. असं करत दोघांनी धक्का बघितला, तिथली गंजलेली क्रेन बघितली, एकाच खुर्चीचं न्हाव्याचं दुकान, शाळेच्या रंगवलेल्या पायऱ्या, आणि एक गल्ली तर अशी की दोन्ही बाजूंनी हात लांब केले तर दोन्ही घरं हाताला लागावीत. वहिनींना काहीच आवडत नव्हतं. सगळीकडून समुद्र, कुठल्याही रस्त्याला गेलं तरी शेवटी पाणीच, जणू कुणीतरी वाटेत आडवं पडलंय. पण मिस्त्री एवढ्या हौसेने दाखवायचे की त्या मूग गिळून बघायच्या. चालताना ते वहिनींना कायम डाव्या हाताला घ्यायचे. वळणावर बाजू बदलली तर स्वतः फिरून परत तसेच यायचे. वहिनींना तेवढंच बरं वाटायचं. म्हणजे अजून आपली काळजी आहे म्हणायची.

एका सुट्टीला ते कड्यावरच्या रस्त्याने निघाले. डाव्या बाजूला गटार खणलेलं, म्हणून वहिनी मिस्त्रींच्या उजवीकडे आल्या आणि दोन पावलं मागे राहिल्या. मागून एक टेम्पो आला. हॉर्न वाजवतोय, वाजवतोय, आणि मिस्त्री आपले रस्त्याच्या मधोमध मजेत चाललेत. वहिनींनी त्यांचा शर्ट धरून खस्सकन ओढलं. टेम्पोवाल्याने जाता जाता त्यांच्या खानदानाचा उद्धार केला. मिस्त्री म्हणाले, विचारात होतो गं.

गटार संपलं तरी वहिनी मुद्दाम उजवीकडूनच चालत राहिल्या. आणि मग, बेटावरच्या त्या हळू आवाजात, जे आजवर आईलासुद्धा सांगितलं नव्हतं ते बोलल्या.

"मला परत जायचंय."

मिस्त्रींनी समुद्रातली लाल होडी दाखवली. केवढीशी दिसते बघ, म्हणाले.

"मला इथे नाही हो करमत. जीव गुदमरतो माझा."

मिस्त्री होडीकडेच बघत होते. वहिनी फिरून त्यांच्या डाव्या बाजूला, अगदी कानाशी गेल्या आणि त्याच आवाजात विचारलं, दमलात का? नाही गं, असं लगेच उत्तर आलं.

तिथेच दगडावर त्या बसल्या. एकदम सगळं डोळ्यांसमोरून गेलं. ते हं हं. ती डावी बाजू. आणि पंपघर. रोज दुपारी त्या डबा घेऊन पंपघरात जायच्या. मिस्त्री स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचे आणि त्याची मूठ वहिनींच्या कानाला लावायचे. पंपाच्या पोटातलं सगळं त्यातून ऐकू यायचं. कसा येतोय आवाज, ते विचारायचे, आणि वहिनी सांगायच्या, झोपलेलं मांजर घुरघुरल्यासारखा. शाबास, म्हणायचे मिस्त्री. वहिनी त्या शाबासकीवर अख्खी दुपार काढायच्या. त्यांना वाटायचं, नवरा आपलं काम बायकोला कौतुकाने दाखवतोय.

"तुम्हाला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. यावेळी भोंग्याच्या आवाजात.

मिस्त्री शेजारी बसले. आधी उडवून लावायला बघितलं, देवाने दोन दिलेत त्यातला एक स्पेअर असतो वगैरे. मग कबूल केलं. गिरणीचं इंजिन तेच बघायचे, त्याने उजवा पार खाल्ला होता. तिथे सगळेच ओरडायचे म्हणून कळलं नाही, त्यांना नाही आणि वहिनींनाही नाही. डावाही आता अर्धामुर्धाच. बहिऱ्या मिस्त्रीला कोण ठेवतं, ते म्हणाले. आणि वर म्हणाले, "पण तू आहेस ना."

या एका वाक्याचा वहिनींना इतका राग आला की घरी येईपर्यंत त्या दहा पावलं पुढेच चालल्या.

तरी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेल्याच. कान लावला, मांजर झोपलंय म्हणाल्या, भांडी उचलून घरी आल्या. असे बरेच दिवस गेले. शाबास आता गोड लागत नव्हतं.

मग एका दुपारी दुसऱ्या पंपात मांजर नव्हतं. कुणीतरी वाळू चावत असल्यासारखं कचकच येत होतं, मध्येच एक ठोका. मिस्त्री तोंडाकडे बघत होते. कसा येतोय? बाहेरून पंप नेहमीसारखाच चाललेला, फोरमन दाराबाहेर पाठ करून विडी ओढत बसलेला. वहिनींच्या मनात आलं, म्हणावं, मांजर. म्हटलं की झालं. पंप जळेल, काम जाईल, पुढचं जहाज आणि आपली गल्ली. कुणाला कधी कळणारही नाही.

"बंद करा," त्या म्हणाल्या. "वाळू चावतोय."

पंप उघडला तर बेअरिंगमधल्या गोळ्यांचा चुरा झालेला. आणखी थोडा वेळ चालला असता तर दांडा मोडून जवळच्या माणसाच्या अंगावर आला असता, आणि जवळ कोण असतं ते सांगायला नको. फोरमनने मिस्त्रींच्या पाठीत थाप मारली. कान असावा तर असा, म्हणाला. तुला कायम केला असं समज. पुढच्या महिन्यापासून रात्रपाळी तू एकट्याने बघ, मला जरा झोप मिळू दे. मिस्त्री हसत होते. वहिनी रिकामा डबा छातीशी धरून उभ्या होत्या. रात्रपाळी. एकट्याने.

संध्याकाळी परतताना त्या मिस्त्रींच्या डाव्या बाजूने चालल्या. फाटकापाशी थांबल्या आणि गिरणीवरच्या आवाजात, शब्द न् शब्द पोचेल असं बोलल्या. घरमालकीणबाईंची खिडकी उघडली. उघडू दे.

"उद्या फोरमनला कानाचं सांगा. रात्री मी नसणार तिथे. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

"परत पाठवतील."

"पाठवू देत."

मिस्त्रींनी फाटकाची कडी काढली. "तुला तेच हवंय ना?"

"कोण म्हणालं?"

"कान गेलेत गं माझे. डोळे नाही गेले. आल्यापासून मशीनची दोरी सोडली नाहीस तू."

खरंच होतं ते. आणि हवं होतं ते आता समोर आलं होतं, पण कसलाच आनंद होत नव्हता. हा माणूस जन्मभर म्हणणार, हिला जायचं होतं म्हणून हिने सांगायला लावलं. नाही म्हणणार कदाचित. पण मनात ठेवेल.

घरात येऊन त्यांनी खोकं भिंतीपासून ओढलं. गाठी खाऱ्या हवेने दगड झाल्या होत्या, नखं मोडली तरी सुटेनात. तेव्हा वहिनींनी कापडाची कात्री काढली, जिला त्या कुणाला कागदसुद्धा कापू द्यायच्या नाहीत, आणि दोरी कापून टाकली.

"कशाला आता?" मिस्त्री म्हणाले. "परत बांधावं लागेल."

"लागलं तर बांधू."

त्यांनी मशीनला तेल घातलं, पट्टा चढवला, पायडल मारून बघितलं. मशीन कुरकुरलं, मग चालायला लागलं. मिस्त्री जवळ आले. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक मशीनच्या अंगावर टेकवलं, मूठ डाव्या कानाला लावली आणि डोळे मिटले. किती ऐकू येतंय ते त्यांनी सांगितलं नाही आणि वहिनींनी विचारलं नाही.

"सकाळी जातो फोरमनकडे," मिस्त्री म्हणाले.

वहिनींनी मान डोलावली. पाय मात्र थांबवला नाही.