आभारातून गाळलेलं नाव

गणेशोत्सवाच्या आभारप्रदर्शनात मी सगळ्यांची नावं घेतली. माइकवाले, मोदक करणाऱ्या वहिनी, हॉलचा रखवालदारसुद्धा. एकच नाव मुद्दाम गाळलं. त्या बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, माझ्या बायकोची निळी साडी नेसून.

तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं बोलणं आपण हसण्यावारी नेतो. सिंगापुरात, पासिर रिसच्या आमच्या ब्लॉकमध्ये या अमेरिकन बाई होत्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या. मुलगी बुओना व्हिस्टाला संशोधक, तिच्याबरोबर आलेल्या. पूर्वी मी सिनेमात कामं करायचे, असं त्या लिफ्टमध्ये सहज सांगत.

"किती सिनेमे केलेत?" मी एकदा विचारलं.

"मोजले नाहीत. पण सात वेळा मेले."

एकोणिसाव्या वर्षी घर सोडून त्या सिनेमात शिरल्या. नायिका कधीच झाल्या नाहीत. शेजारीण, टेलिफोनवरची मुलगी, हॉटेलात कॉफी आणून देणारी. आणि कितीतरी वेळा नर्स.

माझ्या मुलीला उत्सवात स्वगत करायचं होतं. मुलाला बोटीवर पाठवणारी आई. मी जहाजावरचा इंजिनियर, त्यामुळे लिहिलंही मीच, पानभर रडारड. बाईंना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. तरी दोन महिने त्या आमच्याकडे येऊन ऐकायच्या आणि नेमक्या खोट्या वाक्याला हात वर करायच्या. "पुन्हा. थोडं कमी."

एकदा म्हणाल्या, "रडू नकोस. त्याच्या चपला सरळ करून ठेव."

"दॅट्स ऑल, आंटी?"

त्या उठल्या. दाराजवळ वाकून माझ्या चपला सरळ केल्या आणि हात क्षणभर तसाच चपलांवर राहू दिला. बस, एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यालो. माझी आई डोळ्यांसमोर उभी राहिली होती.

पण मंडळातले एक काका म्हणाले, "हॉलिवूड? अहो, गूगलवर नाव नाही बाईंचं! उद्या मीही सांगेन, चंद्रावर जाऊन आलो." सगळे हसले. मीही हसलो.

कार्यक्रमात मुलीने चपला सरळ केल्या तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. पुढे मी आभाराचा कागद घेऊन उभा राहिलो. काका पहिल्या रांगेत होते. बाईंचं नाव आलं आणि मी खालच्या ओळीवर गेलो.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांनीच विचारलं, "माझं नाव राहिलं का?"

"विसरलो हो," मी म्हणालो.

"होतं असं."

घरी मुलगी म्हणाली, "यू थँक्ड द माइक अंकल, बाबा." आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या वर्षी त्या कायमच्या परत निघाल्या. निरोपाला मुलीला घेऊन गेलो, तर त्यांच्या लेकीने टीव्हीवर एक जुना सिनेमा लावला होता. पडद्यावर एक तरुण नर्स रिकाम्या खाटेवरची चादर काढून घडी घालत होती. घडी पुरी होईना. दोन मिनिटं, एकही शब्द नाही. चेहरा बाईंचाच होता. शेवटी नावं वर सरकू लागली. मी सगळी वाचली. त्यांचं नव्हतं.

"छोटी कामं करणाऱ्यांची नावं तेव्हा घालत नसत," लेक म्हणाली.

बाई कपबशा कागदात गुंडाळत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. माझी मुलगी ऐकत होती.

"त्या दिवशी मी विसरलो नव्हतो," मी म्हणालो. "तुमचं नाव कागदावर होतं. लोक हसतील म्हणून मी ते गाळलं आणि वर तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा."