वाटेपलीकडचे हात

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली. सांगायचं राहून गेलं असंही म्हणवत नाही, कारण ती असती तरी मी सांगितलं नसतं. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही — कदाचित म्हणूनच आज जीभ उचलते आहे.

आमचं गाव वेल्ह्याच्या डोंगरातलं, तेव्हा भोर संस्थानात. मी सातवी पास, म्हणजे गावातला शहाणा! राजानं रयतेला विचारून कारभार करावा, हे माझं वेड. गावोगाव बोलत हिंडायचो आणि बरोबर धोंडिबा असायचा. तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. कापूरहोळच्या सभेला आम्ही दोघं पायी गेलो होतो, एकाच फडक्यातली भाकरी खाल्ली होती — गावाची हद्द ओलांडल्यावर, हेही सांगायलाच हवं.

तेव्हा वेठ चालायची. सरकारी अंमलदार दौऱ्यावर आला की त्याचं ओझं डोक्यावरून खिंडीपलीकडं न्यायचं, फुकट. पाळी नेहमी धोंडिबाच्या वस्तीवर. मी म्हटलं, गावानं सभा घ्यावी, हात वर करून मत द्यावं आणि आम्ही वेठ देणार नाही असं दरबाराला कळवावं. वस्तीत जाऊन मीच सांगून आलो, "तुमीबी या. तुमचाबी हात मोजणार." धोंडिबाची म्हातारी आई हसली. "आमचा हात? आन् मोजायचा?" म्हणाली.

सभा भैरोबाच्या पारावर भरली. गाव पारावर, सावलीत. वस्तीतली माणसं वाटेपलीकडं, उन्हात. मी त्यांना इकडं बोलावलं का? नाही. तसंच असायचं ते, मला खटकलंसुद्धा नाही. पारावरची निम्मी माणसं पाटलांच्या तोंडाकडं बघत होती. वेठ नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं मी म्हणालो. पारावर थोडे हात वर आले. वाटेपलीकडं — सगळेच.

पारावरचे मोजून झाले. मी मान वळवली. आणि पाटील खाकरले.

तेवढंच. कुणी दम दिला नाही, कुणी अडवलं नाही. मी मान परत फिरवली आणि ठराव पडला म्हणून सांगितलं.

का? भ्यालो. वाळीत टाकतील, भावकी तोंड फिरवेल — सगळं त्या एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. पण त्याहून लाजिरवाणं सांगू? मलाही वाटलं, ते हात कसे मोजायचे? मलाही. एवढा रयत-रयत करणारा मी!

लोक उठले. धोंडिबा आला, नेहमीसारखा थोडा लांबच थांबला.

"तात्या, आमचं हात धरलं न्हवं मोजणीत?"

"धरलं की," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. त्याला खरं वाटलं, की खोटं कळूनही त्यानं मला सोडून दिलं? इतकी वर्षं झाली, अजून कळत नाही.

थोड्याच दिवसांत अंमलदार आला. धोंडिबा माझ्या दारावरून गेला. डोक्यावर तंबूची वळकटी, ती सावरायला दोन्ही हात वर. मी दाराआड सरकलो. दिवाळीच्या आधीच तो आईला घेऊन पुण्याला निघून गेला. मी त्याला पोचवायला शिवेपर्यंतही गेलो नाही. त्याच्यासारखा सोबती मला पुन्हा मिळाला नाही, आणि मी शोधलाही नाही.

मग संस्थान गेलं, गावाला मत आलं. सभेत हात मोजायची रीत यानं घातली म्हणून लोक मला पारावर मधोमध बसवतात, हार घालतात. मी घरी येतो, हार खुंटीला अडकवतो आणि एकटा जेवतो.

मी खोटं बोललो. ते हात मी पाहिले होते. सगळ्यांत पुढं त्याच्या आईचा होता. मी ठराव पडला म्हणेपर्यंत तिनं तो खाली घेतला नव्हता. तो मी मोजला नाही.