हिमबिंदूचा चौथा ‘पर्वालेदु’

हिमबिंदू माझ्या पिन्नीची, म्हणजे धाकट्या मावशीची मुलगी. तेलंगणात, हनमकोंड्याच्या इंजिनियरिंग क्लासच्या हॉस्टेलात आमच्या खाटा शेजारीशेजारी. तिचं सोळा वर्षांचं चरित्र एका शब्दात मावतं: ‘पर्वालेदु’. तेलुगूत म्हणजे चालेल, ठीक आहे, काही हरकत नाही.

मूळची हळवी. पहिलीत बाईंनी छडी मारली शेजारच्या पोराला, ताप आला हिला. पिन्नीनं विचारलं, तर “पर्वालेदु.” लोक म्हणायचे, काय गुणी पोर! मी गुणी नव्हते, त्यामुळे मला ऐकायला भरपूर वेळ होता. भूक लागली की तिचा ‘पर्वालेदु’ शेवटी वर चढायचा, रुसली की मधला ‘वा’ लांबायचा, आणि खरंच बरं असलं की अर्धा घशातच राहायचा. मी तिन्ही म्हणून दाखवायचे. ती उशी फेकून मारायची.

हॉस्टेलात दर सोमवारी गुणांची यादी लागते. माझा नंबर दोनशे बारा. त्या दिवशी मी जिन्यात वॉर्डन मॅडम व्हायचे: “शिस्त गं बाळांनो, शिस्त! नुसतं सांबार पिऊन इंजिनियर होत नाही कुणी!” हिमबिंदू मात्र चाळीसवरून एकशे दहावर घसरली, तिला खालच्या तुकडीत बसवलं. यादी एकच. मी ती वाचून विसरायचे, तिच्या अंगाला ती चिकटायची.

मग चौथा ‘पर्वालेदु’ आला. सपाट. ना चढ, ना उतार. तो मला आठवडाभर जमेना. जमला तेव्हा तिनं उशी उचललीसुद्धा नाही. रविवारचा कोंबडीचा रस्सा ती माझ्या ताटात सरकवायची. केस विंचरणं बंद. समोर वही उघडी, पेनाचं टोपण लावलेलंच.

मी वॉर्डन मॅडमना सांगितलं. “अभ्यास चुकवायची नाटकं! मी विचारलं की तिला. ठीक आहे म्हणाली.”

रविवारी घरी फोन करायला पाच मिनिटं मिळतात. हिमबिंदू आईला “पर्वालेदु” म्हणाली आणि मी फोन हिसकावला.

“पिन्नी, ओळख बघू.” मी जुने तिन्ही म्हटले.

पिन्नी हसत सुटली. “हा भुकेचा. हा रुसव्याचा. हा बरा. वेडी कुठली!”

मी चौथा म्हटला. तिकडची शिलाई मशीन थांबली.

“हा कुणाचा?”

“तुझ्या लेकीचा. महिना झाला, हा एकच उरलाय.”

“तिला सोडून कुठे हलू नकोस. निघालेच मी.”

दुपारी पिन्नी आली आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना घेऊन सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

“म्हणजे माझी पोर कच्ची?” पिन्नीनं विचारलं.

“कच्ची नाही, अम्मा. पातळ कातडीची. ती जन्माची ठेवण, त्यात दोष कुणाचा नाही. तशी कितीतरी मुलं मजेत वाढतात. पण त्याच कातडीवर रोज मिरची चोळली तर आग होणारच. हा आजार आहे आणि तो बरा होतो.” मग त्या हिमबिंदूकडे वळल्या. “जगणं नकोसं वाटतं का गं?”

तिचे ओठ हलले. काय येणार ते मला कळलं, पिन्नीलाही कळलं. “तो शब्द सोडून काहीही बोल, कन्ना, बाळा माझ्या,” पिन्नी म्हणाली.

हिमबिंदू रडायलाच लागली. “कधी कधी वाटतं. फार थकलेय गं, अम्मा.”

औषध लिहून दिलं, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. पिन्नीनं हॉस्टेलात येऊन पेटी भरली.

“वर्ष वाया जाईल हो!” वॉर्डन मॅडम.

“जाऊ दे. वर्षं खूप आहेत, पोर एकच आहे.”

ती घरी आहे. सुधारतेय, हळूहळू. परवा फोनवर माझ्यावर तब्बल दहा मिनिटं भडकली, तिचं गणिताचं पुस्तक माझ्याकडे राहिलं म्हणून. मी मध्ये एक अक्षर बोलले नाही.