कंबर चौतीस

दैफल्लाह गेला तेव्हा तो निवृत्त ब्रिगेडियर होता, सहा नातवंडांचा आजोबा होता आणि त्याची कंबर बेचाळीस होती. पहिल्या दोन गोष्टी करक या आमच्या सगळ्या अरब गावाला ठाऊक होत्या. तिसरी फक्त मला, कारण त्याची प्रत्येक पँट मी शिवली. माझ्या वहीत मात्र त्याच्या अठराव्या वर्षापासून एकच आकडा आहे, चौतीस. पोट आत ओढून, श्वास धरून तो म्हणायचा, "लिही चौतीस." मी चौतीस लिहायचो आणि कापड खऱ्या मापाने कापायचो. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याशी कोण हुज्जत घालणार?

शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो सैन्यात गेला, मी वडिलांच्या मशीनवर बसलो. माझी बायको वारली तेव्हा चर्चच्या अंगणात खुर्च्या कमी पडल्या. दैफल्लाहने तासाभरात तीनशे खुर्च्या आणल्या, दोरी धरून रांगा लावल्या आणि शेवटी पाद्रीबाबांना सांगितलं, "तुमची प्रार्थना सात मिनिटं लांबली." मग कोपऱ्यात जाऊन माझ्यापेक्षा जास्त रडला.

निवृत्तीनंतर बारा वर्षं तो रोज चारच्या ठोक्याला दुकानात यायचा. मरमियाची सुवासिक पानं टाकून मी चहा उकळायचो. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तो एक घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "हा चहा आहे की इस्त्रीतलं पाणी?" मग दोन पेले संपवायचा. माझी दोन्ही मुलं ऑस्ट्रेलियात. मला नावं ठेवणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. म्हणून तो गेल्याचं कळलं तेव्हा, सांगायला लाज वाटते, मी आधी घड्याळाकडे पाहिलं. आता चार वाजता काय करायचं, हाच विचार मनात आला.

दुखवट्याच्या तिसऱ्या दिवशी दैफल्लाहच्या कुळाच्या सभागृहात आम्ही पुरुषमंडळी भिंतीला टेकून ओळीने बसलो होतो. कडू कॉफी फिरत होती. निवृत्त कर्नल नायफ भाषणाला उभे राहिले. त्यांनी वर्णन केलेला माणूस मी तरी कधी पाहिला नव्हता. तो म्हणे कधी हसला नाही, कधी चुकला नाही.

"आम्ही नुकते भरती झालो होतो," कर्नल म्हणाले. "पाहणी संपली, सगळे सावलीत जाऊन बसले. हा पठ्ठ्या मात्र भिंतीला पाठ लावून दोन तास उन्हात ताठ उभा. असा निग्रह! त्याची पहिली शाबासकी ती."

मी ओठ चावले. त्या दिवशी त्याने घातलेली पँट माझी पहिलीच शिलाई होती आणि मागून टराटरा उसवली होती. हलला असता तर अख्ख्या तुकडीने पाहिलं असतं.

तेवढ्यात माझ्या हातात भरलेला पेला आला आणि कर्नल म्हणाले, "भरती झाल्यापासून निवृत्तीपर्यंत त्याच्या कमरेचं माप बोटभरही बदललं नाही. विचारा आपल्या शिंप्यांना, त्यांच्या वहीत लिहिलेलं आहे."

आता मात्र मला आवरेना. मी पेला तसाच समोर ठेवला, दोन्ही हातांनी रुमालात तोंड लपवलं आणि खांदे गदगदा हलू दिले. लोकांना वाटलं रडतोय. पण हसू ओसरल्यावर मान वर केली तर कॉफी वाटणारा जागीच थांबला होता. सगळे माझ्या पेल्याकडे बघत होते.

आमच्याकडे पाहुण्याने भरलेला पेला न पिता खाली ठेवला, की त्याला काही मागायचं असतं. मुलगी मागायला आलेले असा ठेवतात, खुनाचं वैर मिटवायला आलेलेही. यजमान शब्द देईपर्यंत कॉफीला तोंड लावायचं नाही.

"शिंप्याला काय हवंय?" दैफल्लाहचे थोरले भाऊ हाजी मुफ्लिह शेजाऱ्याच्या कानात पुटपुटले. ते ऐकू कमी येणारे, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. "याच्या दुकानालगतच्या आपल्या भिंतीवरून काही तक्रार आहे का याची?"

दैफल्लाहचा मुलगा सत्ताम उभा राहिला. तो मेजर आहे, गावाबाहेरच्या छावणीत असतो. छातीवर हात ठेवून मला म्हणाला, "अबू जिर्यस काका, कॉफी घ्या. जे मागाल ते दिलं."

चुकून ठेवला म्हणालो असतो तर बापाच्या दुखवट्यात शब्द दिलेला पोरगा तोंडघशी पडला असता. खरं सांगितलं असतं तर मी. दैफल्लाहचा एखादा फोटो मागावा म्हणून तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"रोज चार वाजता कुणीतरी दुकानात येऊन माझ्या चहाला नावं ठेवत जा."

कुणी हसलं नाही. हाजी मुफ्लिहनी विचारलं, "काय म्हणाला?"

"दिलं," सत्ताम म्हणाला. मी गार कॉफी प्यालो.

लगेच पुढच्या दिवशी चारला सत्ताम हजर. खुर्चीत बसला, घोट घेतला, म्हणाला, "छान झालाय, काका." माझा जीव खट्टू झाला. दुसऱ्या दिवशी "उत्तम." तिसऱ्या दिवशी "अगदी झकास." आईचं वळण, दुसरं काय. शब्द पाळायला रोज येत होता, पण शब्दातलं नेमकं तेवढंच त्याच्याने होत नव्हतं.

चौथ्या दिवशी मी त्याला उसवलेल्या पँटची हकिकत सांगितली. तो डोळे पुसत हसला. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच हसत असावा. मग उठून म्हणाला, "काका, माझीही पँट हल्ली दाटते. माप घ्या."

मी टेप लावला. अडतीस. त्याने पोट आत ओढलं, श्वास धरला.

"चौतीस लिहा," तो म्हणाला.

वहीतल्या त्या खोट्या आकड्याबद्दल मी त्याला अक्षरही सांगितलं नव्हतं. त्याच्या बापाच्या पानावर खाली जागा होती. तिथेच लिहिलं, चौतीस. आकडा जरा वाकडा आला, कारण मला नीट दिसत नव्हतं.

सत्तामने खुर्चीत बसून घोट घेतला आणि पेल्यात डोकावला.

"काका, हाच चहा तुम्ही बाबांना बारा वर्षं पाजत होता?"

"हाच."

"तरीच गेले," तो म्हणाला आणि एका दमात पेला रिकामा करून पुन्हा भरायला पुढे केला.